दहा मिलिमीटरचा दट्ट्या

सायकलच्या पंपावर माझं इंजिन झकास चालत होतं. नळीत तोंडाने जोराची फुंकर मारली तरी त्याचं चाक काही सेकंद भिरभिरत राही. मग एका रविवारी सकाळी बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा पेटवला, दाबमापकाचा काटा चौरस सेंटिमीटरला दोन किलोपर्यंत चढू दिला आणि वाफेची चावी उघडली. इंजिनाने दीड फेरा घेतला, बाहेरच्या भोकातून कढत पाणी थुंकलं आणि ते थांबलं. बोटाने चाक ढकललं. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा पाणी. आठ-दहा वेळा असं झाल्यावर सिलिंडर हात लावता येणार नाही इतका तापला, आणि मग कुणी अडसर काढून घ्यावा तसं इंजिन एकदम धावायला लागलं.

हवेवर चालणारं आणि वाफेवर अडणारं इंजिन तेच होतं. हवा थंड पितळेला टेकली तरी हवाच राहते. वाफ थंड पितळेला टेकली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना ती आपली जवळजवळ सगळी जागा सोडून देते. वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्याची सुमारे १,६७० लिटर वाफ होते. ती सगळी निवली की पुन्हा एका लिटरात मावते. माझ्या सिलिंडरच्या गार भिंतींनी पहिले आठ-दहा घोट असे पिऊन टाकले होते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ढकलायला काही उरलंच नव्हतं.

नेमकी हीच अडचण १७६३-६४च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातल्या एका उपकरण-कारागिराच्या टेबलावर आली होती. त्याचं नाव जेम्स वॉट. विद्यापीठाकडे न्यूकमनच्या इंजिनाचं एक शिकवण्यासाठीचं मॉडेल होतं आणि ते धड चालत नव्हतं. न्यूकमनची मोठी इंजिनं तोवर पन्नास वर्षं इंग्लंडच्या खाणींतून पाणी उपसत होती. त्यांची रीत अशी: सिलिंडर वाफेने भरायचा, मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा, वाफेचं पाणी होऊन पोकळी झाली की वरून हवेचा दाब दट्ट्याला खाली रेटतो. वॉटने मॉडेल दुरुस्त केलं, जोडलं, पेटवलं. दोन इंच व्यासाच्या त्या सिलिंडरने थोडेच फेरे घेतले आणि बॉयलरमधली वाफ संपली. बॉयलर तर इंजिनाच्या मानाने पुरेसा दिसत होता. मग वाफ जात कुठे होती?

याचं उत्तर स्वयंपाकघरात रोज दिसतं. पातेलंभर आमटी तासभर गरम राहते, वाटीतली पाच मिनिटांत निवते. वस्तू दहापट लहान केली की तिचा पृष्ठभाग शंभरपट कमी होतो, पण आतला ऐवज हजारपट कमी होतो. म्हणजे आत मावणाऱ्या वाफेच्या प्रत्येक थेंबामागे थंड भिंत दहापट जास्त. एखाद्या गिरणीच्या इंजिनाचा सिलिंडर ५०० मिलिमीटर व्यासाचा धरला आणि माझा १० मिलिमीटरचा, तर माझ्या वाफेला त्या वाफेच्या पन्नासपट भिंत सोसावी लागते. न्यूकमनच्या मोठ्या इंजिनांतही ही उधळपट्टी होतच होती. बहुतेक ठिकाणी कोळसा खाणीच्या तोंडाशीच पडलेला, त्यामुळे ती फारशी कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. लहान मॉडेलने ती उघडी पाडली.

वॉटने मापं घेतली, हिशोब केला आणि १७६५च्या मे महिन्यात त्याला सुचलं की वाफ निववायची ती सिलिंडरमध्ये नव्हे, शेजारच्या वेगळ्या भांड्यात; सिलिंडर कायम गरमच ठेवायचा. ही कल्पना तपासायला त्याने जे पहिलं इंजिन जुळवलं त्याचा सिलिंडर म्हणजे शस्त्रवैद्य वापरत ती पितळी पिचकारी होती, पावणेदोन इंच व्यासाची आणि दहा इंच लांब. पेटंट १७६९ साली मिळालं. पुढे जगभर कारखाने आणि आगगाड्या ज्याच्यावर उभ्या राहिल्या त्या यंत्राची सर्वांत मोठी सुधारणा हाताशी असलेल्या पिचकारीतून तपासली गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं. ग्लासगोचं ते मूळ मॉडेल तिथल्या हंटेरियन संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

घरी इंजिन करण्यात रस वाटतो तो याच कारणाने. नकाशातली प्रत्येक रेघ सरसकट दहाने भागली की लहान इंजिन होईल असं सुरुवातीला वाटतं. तसं होत नाही. पाण्याचा उकळबिंदू लहान होत नाही, वाफेचा चिकटपणा लहान होत नाही, हाताची ताकदही तीच राहते. मोठ्या इंजिनावरचा बोल्ट प्रमाणात लहान केला तर तो पान्याच्या पहिल्याच पिळाला तुटतो. प्रत्येक भागाशी नव्याने बोलावं लागतं.

माझं पहिलं इंजिन मी डुलत्या सिलिंडरचं निवडलं, आणि कुणालाही तेच सुचवेन. नेहमीच्या इंजिनात वाफ आत-बाहेर सोडायला सरकती झडप लागते, ती हलवायला एक्सेंट्रिक, म्हणजे आसावर मध्याबाहेर बसवलेली चकती, लागते, दट्ट्याची सरळ चाल आणि क्रँकची गोल चाल यांची गाठ घालायला जोडदांडा लागतो. डुलत्या इंजिनात हे काहीच नाही. दट्ट्याची दांडी थेट क्रँकच्या खिळीला धरते. क्रँक फिरते तशी दांडी डावी-उजवीकडे कलते, आणि तिच्याबरोबर अख्खा सिलिंडर एका खिळीवर पाळण्यासारखा डोलतो. या डोलण्यातूनच झडपेचं काम होतं. सिलिंडरच्या सपाट पाठीवर एक भोक असतं. तो ज्या उभ्या पट्टीला घासत डोलतो तिच्यावर दोन भोकं असतात, एक वाफ येण्याचं, एक जाण्याचं. सिलिंडर एका बाजूला कलला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं, दुसरीकडे कलला की बाहेर जाण्याच्या भोकासमोर. सरळ उभा असताना दोन्ही बंद. नळ्यांची अदलाबदल केली की इंजिन उलटं फिरतं. हलणारे भाग तीनच: सिलिंडर, दांडीसकट दट्ट्या, क्रँकसह आस.

खेळण्यांत ही रचना पुष्कळ वापरली गेली, म्हणून ती खेळण्यातलीच आहे असा समज आहे. इंग्रज अभियंता ब्रुनेलच्या ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाची बाजूची वल्हेचाकं फिरवणारं इंजिन डुलत्या सिलिंडरांचंच होतं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७४ इंच आणि दट्ट्याची चाल १४ फूट. तिथे वाफ सिलिंडरच्या पोकळ खिळींतून आत येई आणि झडपा वेगळ्या असत, पण डोलणं तेच. हेच जहाज १८७० साली मुंबईहून एडनपर्यंत समुद्रतळाशी तारायंत्राची केबल टाकत गेलं. दोन मजली घराएवढे सिलिंडर मुंबईच्या बंदरात डोलले होते, हे माझ्या टेबलावरच्या अंगठ्याएवढ्या सिलिंडरकडे पाहताना हमखास आठवतं.

आता मापं. सिलिंडरचा आतला व्यास १० मिमी, क्रँकची त्रिज्या ८ मिमी, म्हणजे दट्ट्याची चाल १६ मिमी. सिलिंडरच्या खिळीपासून क्रँकच्या आसापर्यंत अंतर ५० मिमी. क्रँक दांडीशी काटकोनात आली की सिलिंडर किती कलतो? ८ भागिले ५०, म्हणजे ०.१६, हा कोनाचा साइन, कोन साधारण सव्वानऊ अंशांचा. सिलिंडरवरचं भोक खिळीपासून १२ मिमीवर घेतलं तर ते मधल्या रेषेपासून १२ गुणिले ०.१६, म्हणजे १.९२ मिमी बाजूला सरकतं. पट्टीवरची दोन्ही भोकं तेवढ्याच अंतरावर हवीत. भोकं किती मोठी? सिलिंडर सरळ उभा असताना त्याचं भोक दोन्हींपैकी कुणालाही शिवता कामा नये, नाहीतर वाफ थेट बाहेरची वाट धरेल. १.८ मिमीचं ड्रिल घेतलं तर दोन भोकांच्या त्रिज्या मिळून १.८ मिमी होतात आणि दोन्ही बाजूंना ०.१२ मिमीची भिंत उरते. कागदाच्या एका पानाहून थोडीशीच जाड. २ मिमीचं ड्रिल घेतलं असतं तर दर फेऱ्याला वाफ थेट बाहेर गळली असती. शाळेत त्रिकोणमिती शिकताना साइन कशाला लागतो असं ज्यांना वाटलं असेल त्यांनी हे भोक एकदा पाडून पाहावं.

ही भोकं पट्टीवर मोजून, खूण करून पाडायची नाहीत. पोलादाची एक चिंचोळी पट्टी घ्यायची. तिला खिळीचं भोक, त्याच्यावर १२ मिमीवर १.८चं भोक आणि खाली क्रँकची खिळी मावेल अशी लांबट खाच. ही पट्टी सिलिंडरच्या जागी बसवायची, क्रँक फिरवत ती एका टोकाला जास्तीत जास्त कलेल तिथे थांबायचं आणि तिच्या भोकातून ड्रिल घालायचं. मग दुसऱ्या टोकाला. आपल्या हातून झालेल्या बारीकसारीक चुका या युक्तीत आपोआप सामावून जातात, कारण भोकं कागदावरच्या नव्हे, समोरच्या इंजिनाच्या मापाने पडतात.

सिलिंडरसाठी मी २० मिमी चौकोनी पितळी सळई घेतली. पुण्यात बोहरी आळीत वजनावर मिळते. पितळ लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, पाण्याने गंजत नाही, आणि शिकणाऱ्याच्या चुका सोसतं. चौकोनी सळई चार जबड्यांच्या चकात धरायची, एकेक जबडा ढिला-घट्ट करत मध्यावर आणायची. पहिल्या वेळी याला माझा पाऊण तास गेला; आता दहा मिनिटं लागतात. आधी सेंटर ड्रिल, मग ९.८ मिमीचं ड्रिल, आणि शेवटी भोक अचूक मापाचं करणारा १० मिमीचा रीमर, मंद गतीने, भरपूर तेल घालून, एकदाच आत आणि एकदाच बाहेर. चांगल्या रीमरने पडलेलं भोक १० मिमीपेक्षा फार तर ०.०१५ मिमीने मोठं असतं.

हा आकडा मला थांबवतो. वॉटकडे कल्पना १७६५ साली होती, पण बरोबर गोल सिलिंडर मिळेना म्हणून तिची वर्षं वाया गेली. दट्ट्याभोवती काहीबाही कोंबून तो फटी बुजवत राहिला. शेवटी जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्याच्या यंत्रात बदल करून १७७५च्या सुमारास त्याला सिलिंडर कोरून दिले, आणि पन्नास इंची सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नाही याचं त्या काळी मोठं कौतुक झालं. आज तेवढ्या अचूकतेच्या कितीतरी पुढची अचूकता बोहरी आळीत कागदाच्या पुडीत बांधून मिळते. रीमर हातात घेताना त्याच्यामागे किती जणांचं डोकं उभं आहे, ते जाणवतं.

दट्ट्या त्याच सळईतून वळवला, सिलिंडरमध्ये स्वतःच्या वजनाने सावकाश उतरेल इतका सैल, आणि त्याच्यावर तेल धरायला दोन बारीक खाचा. वरचं तोंड बोटाने बंद केलं तर तो खाली घसरायचा थांबला पाहिजे. हीच परीक्षा. रबरी ओ-रिंग बसवायचा मोह होतो; एवढ्या लहान इंजिनात तिचं घर्षणच निम्मी ताकद खातं.

मी हरलो ते सपाट पाठीपाशी. सिलिंडरची पाठ आणि पट्टीचं तोंड एकमेकांवर बिलगून घासली पाहिजेत. त्यांच्यामध्ये ना वॉशर, ना गास्केट. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून, आठाच्या आकड्यासारखं फिरवत दोन्ही तोंडं घासली, आरशासारखी केली. तरी फुंकर मारली की बाजूने फुस्स आवाज. मग तेलात काजळ कालवून त्याचा पातळ थर पट्टीला दिला, सिलिंडर बसवून हलवला आणि काढून पाहिला. काजळ फक्त एका काठाला लागलं होतं. सिलिंडर टेकत होता तो धारेवर. दोष तोंडांचा नव्हता, खिळीच्या भोकाचा होता: ड्रिलिंग मशिनचं टेबल किंचित कललेलं होतं आणि भोक काटकोनात गेलं नव्हतं. अर्ध्या अंशाची चूक असेल, पण खिळी त्या तिरक्या वाटेनेच सिलिंडरला ओढत होती. घासण्याने हे सुधारत नाही. तो सिलिंडर मी बाजूला ठेवला आणि दुसरा केला. या वेळी पाठ लेथवरच सपाट केली आणि काम चकातून न सोडता, त्याच बैठकीत, टेलस्टॉकमधून खिळीचं भोक पाडलं. एका बैठकीत केलेली दोन कामं एकमेकांशी काटकोनात असतातच. जुन्या टर्नर लोकांच्या तोंडी हे वाक्य असतं. ते मला एका फुकट गेलेल्या सिलिंडरनंतर कळलं. या भोकाला आटे पाडताना मात्र श्वास रोखावा लागतो. भिंत ५ मिमीची, टॅप ४ मिमी आत. आणखी एक वेढा घेतला तर टॅप थेट सिलिंडरच्या पोटात उतरतो.

खिळीच्या मागच्या टोकाला एक स्प्रिंग असते आणि ती सिलिंडरला पट्टीशी दाबून धरते. त्या पहिल्या रविवारी सिलिंडरमध्ये पाणी साचलं तेव्हा या स्प्रिंगनेच इंजिन वाचवलं. पाणी दबत नाही. दट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये ते अडकलं की काहीतरी तुटतं. इथे सिलिंडर क्षणभर पट्टीपासून उचलला गेला आणि पाणी बाजूने निसटलं.

फ्लायव्हील जुन्या बाजारातल्या एका मोडक्या पुलीतून निघालं. बिडाच्या ओतकामावर एक कडक, वाळू मिसळलेली साल असते; पहिला काप तिच्या खालून घ्यायचा, नाहीतर हत्याराची धार वरच्यावर घासून जाते. बिडाचे छिलके निघत नाहीत, काळी पूड पडते आणि त्यातल्या ग्राफाइटने हात दोन दिवस काळे राहतात. चाक हवंच, कारण वाफ दट्ट्याला फक्त एका बाजूने ढकलते. अर्धा फेरा कमाईचा, अर्धा उधारीचा. ती उधारी चाक देतं.

लेथ, रीमर, मायक्रोमीटर असं सगळं हाताशी असताना मला टिटागढच्या एका लोहाराची आठवण येते. बंगालात श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी आपल्या कागद गिरणीसाठी १८२० साली इंग्लंडहून वाफेचं इंजिन आणवलं. ते पाहायला येणाऱ्यांत गोलकचंद्र नावाचा लोहार होता. त्याने ते नीट पाहिलं, समजून घेतलं आणि कुणा युरोपियनाच्या मदतीशिवाय स्वतःचं लहान वाफेचं इंजिन बनवलं. १८२८ साली ते कोलकात्यात कृषी व उद्यान संस्थेच्या प्रदर्शनात मांडलं गेलं आणि त्याला पन्नास रुपयांचं बक्षीस मिळालं. भाता, ऐरण, हातोडा, कानस आणि नजर यांच्या बळावर त्याने वाफ धरून ठेवणारा दट्ट्या केला असणार. त्याच्याबद्दल एवढंच कळतं आणि तेवढ्यावरच त्याचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बॉयलरपाशी आलं की हौस बाजूला ठेवावी लागते. आपल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या दाराशी असे तो तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणा. बाहेर पाण्याचं गोल भांडं, मधोमध उभं नळकांडं, नळकांड्यात जाळ. आग पाण्याच्या पोटात, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली, त्यामुळे उष्णता कमी वाया जाते. उभा अग्निनलिका बॉयलर म्हणजे हाच बंब. फरक इतकाच की बंब वरून मोकळा असतो आणि बॉयलर चहूबाजूंनी बंद. तो इतकाच फरक सगळं काही बदलतो.

माझा बॉयलर ६० मिमी व्यासाचा, १२० मिमी उंच, दीड मिमी जाड तांब्याचा, आणि मधून १८ मिमीची नळी. ठोककामासाठी मी कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. एका वयस्कर कारागिरांना चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हा तर बंबच की. पण याला वरून झाकण का?"

"वाफ कोंडायची आहे, काका."

"मग जोड चांगले द्या. तांबं नाही फाटायचं, जोड फाटेल."

पुस्तकातली सगळी पानं या एका वाक्यात होती. बॉयलरच्या भिंतीत येणारा ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. तीन किलोला, म्हणजे चौरस मिलिमीटरला ०.३ न्यूटनला, हिशोब येतो ६ न्यूटन. नरम तांबं साधारण २०० न्यूटनच्या आसपास तुटतं. तांबं नाहीच फाटायचं. त्यांनी बॉयलरच्या वरखालच्या चकत्या लालसर तापवून पाण्यात बुडवल्या. पोलाद असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ पडतं. मग लोखंडी साच्यावर त्यांच्या कडा हळूहळू ठोकून वळवल्या. थोडं ठोकलं की तांबं कडक होतं, पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. मठारकाम करताना हेच कडक होणं कामी येतं, भांड्याला ठोक्यांची चकाकी आणि घट्टपणा दोन्ही देतं. इथे ते चिरा पाडू शकतं.

जोड चांदीच्या डाखाने दिले. साधा कथलाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो आणि तीन किलोच्या वाफेचं तापमान १४४ अंश असतं. पाणी कमी पडलं, तांबं उघडं तापलं, की हे अंतर मिटायला वेळ लागत नाही. चांदीचा डाख सहाशे अंशांच्या पुढे वितळतो. कॅडमियम असलेला डाख घ्यायचा नाही, त्याचा धूर विषारी असतो. टाकणखाराचा लेप, भोवती भट्टीच्या विटा आणि मोठा गॅसचा बर्नर. तांबं उष्णता इतक्या झरझर पळवून नेतं की फक्त जोड तापवून भागत नाही, अख्खा बॉयलर अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवावा लागतो. मग डाखाची तार नुसती टेकवली की ती जोडात सर्रकन ओढली जाते आणि जोडाभोवती पांढरी चमकती रेघ फिरते. ती रेघ कुठे तुटली आहे का, हे भिंगातून पाहायचं. मग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर.

परीक्षा पाण्यानेच घ्यायची. बॉयलर काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि हातपंपाने दाब चालवायच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे सहा किलोपर्यंत न्यायचा. अर्धा तास काटा हलला नाही पाहिजे. पाणीच का? पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून ते शक्ती साठवत नाही. जोड सुटला तर एक थेंब गळतो आणि दाब शून्यावर येतो. हवेने किंवा वाफेने हीच परीक्षा घेतली आणि जोड सुटला तर तुकडे उडतात. माझ्या बॉयलरच्या नळी जोडायच्या एका बुशापाशी पाचव्या किलोला ओल दिसली. पुन्हा घासणं, पुन्हा टाकणखार, पुन्हा लाल तापवणं.

सेफ्टी व्हॉल्व्हचं मूळ कुकरमध्येच आहे. फ्रान्सच्या देनी पापँने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला हाडं शिजवून मऊ करणारं बंद भांडं दाखवलं, आणि ते फुटू नये म्हणून वजनाने दाबलेली झडप बसवली. पुढे १६९० साली त्यानेच वाफेने दट्ट्या हलवण्याची कल्पना मांडली. कुकर आणि वाफेचं इंजिन एकाच डोक्यातून निघाले. माझी झडप म्हणजे ३ मिमीच्या भोकावर बसलेली स्टीलची गोळी आणि वर स्प्रिंग. तीन किलोला त्या गोळीवर येणारा जोर फक्त २१६ ग्रॅम वजनाइतका, म्हणजे एका मोठ्या पेरूइतका. स्प्रिंग तेवढीच दाबायची, स्क्रू लाखेने पक्का करायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. २५ लिटरपेक्षा लहान भांड्याला आपल्याकडचा बॉयलर कायदा लागू होत नाही. तपासायला कुणी निरीक्षक येणार नाही, म्हणून पाण्याची ती परीक्षा दरवर्षी मी स्वतः घेतो आणि तारीख वहीत लिहितो. डब्यांना, साध्या डाखाने जोडलेल्या पत्र्यांना बॉयलर म्हणणाऱ्या चित्रफिती मुलं पाहतात, तेव्हा मला खरंच काळजी वाटते.

इंग्लंडमध्ये या छंदाला मोठी परंपरा आहे. पर्सिव्हल मार्शलने १८९८ साली सुरू केलेलं ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक तिचा कणा. त्यात एलबीएससी या टोपणनावाने कर्ली लॉरेन्स लिहीत. अडीच इंची रुळांवरची कोळशाची लहान आगगाडी माणूस ओढू शकणार नाही, असं १९२०च्या दशकात जाणकार म्हणत होते. लॉरेन्स यांनी आयेशा नावाच्या आपल्या इंजिनाने माणसं ओढून दाखवली. मर्म बॉयलरच्या नळ्यांत होतं. मोठ्या इंजिनातल्या नळ्या त्याच प्रमाणात बारीक केल्या तर त्या काजळीने चोंदतात आणि आग गुदमरते. त्यांनी नळ्या कमी घेतल्या, पण प्रमाणापेक्षा जाड घेतल्या, धूर वाहू शकेल एवढ्या. रूप प्रमाणात, आतडी निसर्गाच्या मापात.

एक भाग मला सगळ्यांत सुंदर वाटतो, तो तेलदाणी. वाफेच्या नळीला जोडलेली, वरून बंद, जाड तेलाने भरलेली लहानशी कुपी. नळीतून बारीक भोकाने थोडी वाफ तिच्यात शिरते आणि थंड होऊन पाणी होते. पाणी जड, ते तळाशी जातं. तळाशी थेंब आला की वरचं तेल तेवढंच वर सरकतं आणि थेंबभर वाफेत सांडतं. त्यात हलणारा भाग एकही नाही. पहिल्या दिवशी इंजिन ज्या निवण्याने बंद पाडलं, तेच निवणं इथे त्याला तेल पाजतं.

इंजिन नीट चालायला लागल्यावर मी वॉटचाच प्रश्न विचारला: वाफ जाते कुठे? मिनिटाला ६०० फेरे, दोन किलो दाब. दर फेऱ्याला सिलिंडर सव्वा घनसेंटिमीटर वाफ घेतो. त्या दाबाच्या वाफेची घनता धरून मिनिटाला सव्वा ग्रॅम पाणी लागायला हवं. दहा मिनिटांत साडेबारा ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बॉयलर आधी तोलला, इंजिन तापल्यानंतर दहा मिनिटं चालवलं, पुन्हा तोलला. ३८ ग्रॅम गेले होते. हिशोबाच्या तिप्पट. इंजिन एका जागी अडवून, वाफ चालू ठेवून गळती वेगळी मोजली. ती दहा मिनिटांत सहा ग्रॅम भरली. उरलेली वीसभर ग्रॅम वाफ दट्ट्याला काहीही न देता पितळेवर पाणी होऊन गेली होती.

मग सिलिंडरच्या तीन बाजूंना लोकरीच्या धाग्याचे दाट वेढे दिले. चौथी बाजू घासणारी, ती मोकळीच. पुन्हा दहा मिनिटं. ३१ ग्रॅम. एका लोकरीच्या धाग्याने सात ग्रॅम वाचले, याचा आनंद मी घरात सगळ्यांना सांगितला.

आता वाफ सिलिंडरकडे जाण्याआधी तिला पुन्हा एकदा जाळातून न्यायचं आहे, म्हणजे ती कोरडी आणि अधिक तापलेली होऊन जाईल आणि भिंतीला टेकताच पाणी व्हायची नाही. त्यासाठी बंबाच्या मधल्या नळकांड्यात मावेल असं वेटोळं लागेल. तांब्याची ३ मिमीची नळी तापवून मऊ केली आहे. वळवताना चेपू नये म्हणून तिच्यात चाळलेली कोरडी वाळू भरून दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद केली आहेत. दुपारी ती १० मिमीच्या सळईवर गुंडाळायची आहे. काट्यावर कितीचा आकडा येतो, ते संध्याकाळी कळेल.